डाग दिलेली किटली, टाके घातलेली बशी: खेळण्यातले जुने चहाचे संच जमवताना

घरची जुनी भातुकली हाती आली किंवा बाजारात चिनी मातीचा चिमुकला चहाचा संच नजरेस पडला, की वाचकांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. किटलीची तोटी कधीतरी डाग देऊन बसवलेली आहे, ती काढून नीट करून घ्यावी का? बशीच्या मागे तारेचे टाके आहेत, म्हणजे ती टाकाऊ का? विकणारा ‘शंभर वर्षं जुनी’ म्हणतो, ते कसं ताडून बघायचं? परदेशातल्या मुलीकडे आजीची भातुकली पाठवता येते का?

या प्रश्नांच्या मुळाशी एक समज असतो: दुरुस्ती म्हणजे दोष. मोठ्यांच्या कपबशांच्या बाबतीत बाजार अजून बराचसा असाच चालतो. खेळण्यातल्या भांड्यांचा हिशेब वेगळा आहे. वीतभरही उंच नसलेली किटली फुटल्यावर कुणीतरी ती कारागिराकडे नेली, पैसे मोजून सांधून आणली आणि पुन्हा मुलीच्या हाती दिली. ते खेळणं त्या घरात किती मोलाचं होतं, हे जुनी दुरुस्ती सांगते, आणि तिच्यातल्या कारागिरीवरून काळही कळतो. म्हणून या लेखाचं सूत्र एवढंच: उघड दिसणारी जुनी दुरुस्ती राखा, लपवलेली नवी दुरुस्ती ओळखा आणि तिचे पैसे मोजू नका.

आधी ठरवा: काय जमवायचं आहे?

सगळंच गोळा करायला निघालात तर कपाट भरेल, पण पारख येणार नाही. सुरुवातीला खालीलपैकी एक प्रकार निवडा.

- पितळ-तांब्याची भातुकली. हिच्यात किटली, कपबशी, गाळणं, शेगडी आणि स्टोव्ह सापडतात. महाराष्ट्रात हाच प्रकार सगळ्यात सहज मिळतो आणि त्यावरच्या दुरुस्त्या तांबट-कासारांच्या हातच्या असतात.
- चिनी माती आणि पोर्सिलेन. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यातले निळ्या छपाईचे संच, जर्मनीतले फुलाफुलांचे संच आणि विसाव्या शतकात जपानहून आलेले हलके, पातळ संच. व्यापारी, रेल्वे आणि सरकारी नोकरीतल्या घरांमधून असे संच आपल्याकडेही निघतात.
- छापील पत्र्याचे संच. रंगीत चित्रं थेट पत्र्यावर छापलेली असतात. इंग्लंडची चॅड व्हॅली आणि अमेरिकेची ओहायो आर्ट या कंपन्यांचे संच परदेशातल्या बाजारांत भेटतात.
- लाकडी संच. सावंतवाडीची रंगीत लाकडी भातुकली यात येते. इथे दुरुस्ती म्हणजे बहुधा पुन्हा दिलेला रंग किंवा चिकटवलेला तुकडा.

मुलांच्या खेळण्याचा संच आणि बाहुलीघरातला संच यांत गल्लत करू नका. पहिल्यातली किटली मुलाच्या मुठीत मावते आणि तिच्यातून पाणी ओतता येतं. दुसऱ्यातली बोटाच्या पेराएवढी असते. दोन्हींचे संग्राहक आणि भाव वेगळे असतात.

चिनी मातीवरच्या जुन्या दुरुस्त्या

तारेचे टाके. तड्याच्या दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने बारीक भोकं पाडून त्यांत पितळेची किंवा लोखंडाची कडी ताणून बसवत. भोक आरपार जात नसे, भांड्याच्या निम्म्या जाडीपर्यंतच जाई. म्हणून टाके बशीच्या खालच्या किंवा कपाच्या बाहेरच्या बाजूला दिसतात आणि आतून फक्त तड्याची रेघ दिसते. कडी दोन्ही तुकड्यांना एकमेकांवर ओढून धरते. गोंदाची गरज लागत नाही. चीन आणि युरोप, दोन्हीकडे हे काम फिरते कारागीर करत. १९४०च्या दशकात इपॉक्सी गोंद बाजारात आले आणि हा धंदा मावळला. खेळण्यातल्या पातळ कपाला टाका घालणं हे मोठ्या ताटापेक्षा कठीण काम, म्हणून छोट्या नगावरचा नीटस टाका आवर्जून घ्यावा.

धातूची तोटी, कान किंवा झाकण. किटलीची तोटी तुटली की पत्र्याची किंवा जस्ताची टोपी बसवत. कपाचा कान गेला की पत्र्याची पट्टी कपाभोवती गुंडाळून तिचाच कान वळवत. हरवलेल्या झाकणाच्या जागी लाकडी किंवा पत्र्याचं झाकण येई. अशा दुरुस्त्या खास शोधणारे संग्राहक आज आहेत आणि देखणा नग सहसा स्वस्त मिळत नाही.

सरस आणि लाख. सांध्यावर पिवळट-तपकिरी रेघ दिसली तर जुना सरस किंवा लाख असण्याचा संभव आहे. सरस पाण्याने सुटतो; लाख उष्णतेने आणि स्पिरिटने मऊ पडते. धुताना याचा फटका बसतो, त्याविषयी पुढे येईलच.

पितळ, तांबं आणि पत्र्यावरच्या दुरुस्त्या

- डाग. तोटीच्या मुळाशी किंवा बुडाला करड्या रंगाचा ओघळ दिसतो, तो कथील-शिशाचा डाग. जुना डाग मंद करडा असतो आणि त्याच्या कडा हात लागून गुळगुळीत झालेल्या असतात. नवा डाग चकचकीत असतो आणि भोवती पावडरीचे किंवा आम्लाचे पांढरट-हिरवे शिंतोडे राहतात.
- पितळी झाळ. सांध्यावर पिवळी रेघ दिसते. हिला जास्त उष्णता लागते आणि ती डागापेक्षा मजबूत असते.
- रिव्हेट मारलेलं ठिगळ. बूड झिजून भोक पडलं की आतून-बाहेरून चकती लावून रिव्हेट मारत. रिव्हेटची डोकी हाताने ठोकलेली असतील तर ती एकसारखी नसतात.
- कल्हई. आतून पांढरट थर आणि मध्येमध्ये पितळ उघडं पडलेलं दिसलं तर भांड्यात खरंच काहीतरी शिजत किंवा उकळत असे. खेळण्याला कल्हई लावली गेली, ही लक्षात ठेवण्याजोगी नोंद आहे.
- पत्र्याच्या जिभा. छापील पत्र्याचे भाग जिभा वाकवून जोडलेले असतात. त्या उघडून पुन्हा बसवलेल्या असतील तर वळणावरचा रंग तडकलेला दिसतो. दोन-चारदा वाकवली की जीभ तुटते. आत काय आहे ते बघायला उघडू नका.

दुरुस्ती वाटते, पण नसते

इथे नवखे हमखास फसतात. तांब्या-पितळेच्या हातघडणीच्या भांड्यांवर कमरेला किंवा उभ्या सांध्यावर करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसते. तो मूळ घडणीचा सांधा आहे, तडा सांधलेला नाही. चिनी मातीत भट्टीतच पडलेली चीर असते. तिच्यात वरची झिलई शिरलेली असते, त्यामुळे कडा बोचत नाहीत आणि तिच्यात मळ भरत नाही. तळावर दिसणारे तीन बारीक ठिपके म्हणजे भट्टीत भांडं ज्या टेकूंवर ठेवलं त्यांच्या खुणा. अशा नगाला ‘दुरुस्त केलेला’ म्हणून भाव पाडून मागू नका आणि ‘जुनी दुरुस्ती’ म्हणून जास्त पैसेही देऊ नका.

हातात घेतल्यावर तपासणी कशी कराल?

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च आणि नोटा तपासायला दुकानदार वापरतात तशी अतिनील किरणांची टॉर्च, एवढी हत्यारं पुरेत. क्रम असा ठेवा:

1. झाकण आधी काढून बाजूला ठेवा. मग नग अंगाला धरून उचला. कान किंवा तोटी धरून उचलू नका. जुना सांधा तिथेच असतो.
2. बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारी पातळी बोटाला कळते. कडेचा एखादा भाग किंचित जाड, मऊ किंवा उबदार लागला तर तिथे भरण आणि रंग असण्याची शक्यता आहे. चिनी माती स्पर्शाला गार लागते.
3. आतून टॉर्च लावा. पोर्सिलेनमधून उजेड पलीकडे झिरपतो. तडा आणि भरण गडद दिसतात. जाड चिनी माती अपारदर्शक असते, तिच्यावर ही परीक्षा चालत नाही.
4. टिचकी मारा, हलकेच. अखंड पोर्सिलेन खणकतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. टाके घातलेल्या नगाला टिचकी मारू नका. तडा दिसतोच आहे.
5. अंधारात अतिनील टॉर्च लावा. जुनी लाख नारिंगी चमकते. बरेचसे आधुनिक गोंद आणि रंग दुधट निळसर किंवा पिवळट दिसतात आणि मूळ झिलईपेक्षा वेगळे उठून येतात. हा इशारा समजा, अंतिम निकाल नव्हे. टॉर्च डोळ्यांवर मारू नका.
6. झीज योग्य जागी आहे का ते बघा. टेकण्याची कडा, कानाची आतली बाजू, झाकणाचं बोंडूक, तोटीचं टोक इथे झीज हवी. सगळीकडे सारखी झीज म्हणजे कुणीतरी घासलंय.
7. दुरुस्तीचं वय भांड्याशी जुळतं का ते पाहा. टाक्याभोवती मळाची बारीक कडा, लोखंडी टाक्याचा गंज झिलईवर उतरलेला, धातूच्या कानावर हाताने आलेला गुळगुळीतपणा: या खुणा जुनेपणाच्या बाजूने बोलतात. हल्ली नव्या भांड्यांनाही शोभेसाठी टाके घालतात आणि तड्यांत सोनेरी इपॉक्सी भरतात. त्यात वाईट काही नाही, पण ते ‘जुनं’ म्हणून विकलं जाऊ नये.

पितळेत नकली जुनेपणा आणायला आम्ल किंवा रसायन वापरतात. अशा भांड्याचा काळा-हिरवा रंग उंचवट्यावर आणि खाचेत सारखाच असतो. खऱ्या वापरलेल्या भांड्यात उंचवटे उजळ आणि खाचा गडद असतात. टाचणीने खरवडून किंवा ॲसिटोनचा बोळा फिरवून बघण्याचा सल्ला मिळेल. नग तुमच्या मालकीचा होईपर्यंत तसं करू नका, आणि झाल्यावरही नको.

वय कसं ताडाल?

- देशाचं नाव. अमेरिकेत १८९१पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत असणं कायद्याने बंधनकारक झालं. त्यामुळे तळावर देशाचं नाव असेल तर नग बहुधा त्यानंतरचा. नाव नाही म्हणजे जुनाच, असं मात्र नाही. खेळण्यातल्या संचात अनेकदा एकट्या किटलीवरच शिक्का असतो.
- निप्पॉन आणि जपान. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर १९२१पर्यंत ‘निप्पॉन’ चाले. त्यानंतर ‘जपान’ लिहावं लागलं. ‘ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२पर्यंतच्या काळातला.
- चेकोस्लोव्हाकिया असेल तर १९१८नंतरचा, पश्चिम जर्मनी असेल तर १९४९नंतरचा.
- इंग्लंडची नोंदणी. चौकटीसारखी हिऱ्याच्या आकाराची खूण १८४२ ते १८८३मधली. १८८४पासून ‘आरडी नंबर’ आणि पुढे आकडा येतो. या खुणेवरून नमुना कधी नोंदला ते कळतं. प्रत्यक्ष नग त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेला असू शकतो.
- ‘मायक्रोवेव्ह’ किंवा ‘डिशवॉशर’ हे शब्द तळावर दिसले तर विषय तिथेच संपला.

पितळी भातुकलीवर शिक्के नसतात. तिथे वस्तूच साक्ष देतात. आपल्याकडे चहाचा घराघरांत प्रसार मुख्यतः विसाव्या शतकातला. १९०३च्या कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा पद्धतशीर प्रचार सुरू झाला. म्हणून पितळी किटली-कपबशी ‘पेशवाईतली’ असल्याचं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हवा भरायचा प्रायमस स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली निघाला, तेव्हा त्याचं खेळणं त्याआधीचं असणं शक्य नाही. ॲल्युमिनियम स्वस्त झालं ते १८८६मध्ये सापडलेल्या विजेच्या पद्धतीनंतर. स्टेनलेस स्टील १९१३चं, आणि आपल्या स्वयंपाकघरांत ते स्वातंत्र्यानंतर रुळलं.

किंमत ठरवताना

ठरलेला बाजारभाव नाही. त्यामुळे या क्रमाने विचार करा:

1. किटली आणि तिचं झाकण मूळचं आहे का? संचाचं सगळ्यात जास्त मोल यात असतं.
2. संच एकाच घरचा आहे का? फुलांचा आकार, निळ्या रंगाची छटा, तळाची कडा सगळ्या नगांवर जुळवून पाहा. वेगवेगळ्या संचांतले नग एकत्र मांडलेले असतील तर भाव नगांचा द्या, संचाचा नव्हे.
3. दुरुस्ती कुठली? नीटस जुना टाका, धातूचा कान, हाताचं ठिगळ यांचं मोल आहे. घाईत थापलेल्या इपॉक्सीचं नाही.
4. दुरुस्ती अजून तग धरून आहे का? सांधा हलत असेल तर पुढचा खर्च किमतीतून वजा करा.
5. पितळेचं वजन. मोडीचा भाव ही किमान पातळी आहे. विकणारा घरचाच माणूस असेल आणि मोडीच्या भावाने देत असेल, तर त्याला हे मोडीपेक्षा मोलाचं असल्याचं आधी सांगा. कित्येक घरांतल्या भातुकल्या नव्या पातेल्यांच्या बदल्यात मोडीत गेल्या. आणखी एक जाऊ नये.

कुठे शोधाल आणि काय विचाराल?

पहिली जागा म्हणजे घर: माळा, जुनी ट्रंक, आत्या-मावशांची कपाटं. डोळा तयार करायला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातली जुनी भांडी निवांत बघा. लंडनमध्ये असाल तर लहान मुलांच्या वस्तूंचं यंग व्ही अँड ए संग्रहालय पाहा. मग पुण्याचा जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट. तिथली बहुतेक दुकानं शुक्रवारी बंद असतात. दिवसाच्या उजेडात जा. पिवळ्या दिव्याखाली भरण दिसत नाही.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याला हे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा:

- तळाचा, आतल्या बाजूचा आणि दुरुस्तीचा जवळून काढलेला फोटो द्याल का?
- कुठे भरण, रंग किंवा नवा गोंद आहे का?
- झाकण, कान, तोटी मूळचे आहेत का?
- प्रत्येक नगाची उंची किती? (फोटोत बाहुलीघराचा संचही मोठा दिसतो.)
- नग वेगवेगळे गुंडाळून, झाकण किटलीपासून अलग ठेवून पाठवाल का?
- वर्णनाप्रमाणे नसेल तर परत घ्याल का?

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. तक्रारीची वेळ आली तर तोच कामी येतो.

साफसफाई: हात आवरा

जुनी दुरुस्ती सगळ्यात जास्त वेळा बिघडते ती खरेदीनंतरच्या पहिल्या आठवड्यात, नव्या मालकाच्या हौशीपायी.

- दुरुस्त केलेला चिनी मातीचा नग पाण्यात बुडवू नका. सरस सुटतो आणि लोखंडी टाका गंजून फुगतो, की तडा वाढतो. ओलसर सुती फडक्याने पुसून लगेच कोरडा करा.
- चहाचे डाग घालवायला ब्लीच वापरू नका. झिलईच्या बारीक जाळीत ते शिरतं आणि पुढे झिलई उडते.
- टाके उपटू नका. भोकं उरतात, आधार जातो आणि इतिहासही जातो.
- पितळ चिंच, लिंबू किंवा पावडरीने घासू नका. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. हिरवा कळक दिसला तर तेवढाच भाग लाकडी काडीने हलकेच काढा.
- कल्हई लावण्याआधी डाग बघा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि कल्हईसाठी भांडं त्याहून जास्त तापवावं लागतं. कथील-शिशाचा डाग १८३ अंशाच्या आसपासच पाणी होऊ लागतो. जुना डाग असलेली किटली कल्हईवाल्याकडे दिलीत तर तोटी गळून हातात येईल.
- छापील पत्रा पाण्यापासून दूर ठेवा. गंज कडेपासून आत सरकतो.

खरंच सांधा निखळला असेल तर झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तो पुढे काढताना झिलई निघते. संवर्धक जे वापरतात ते पॅरालॉइड बी-७२ सारखं, ॲसिटोनने पुन्हा सोडवता येणारं द्रव्य असतं. काम देण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘हे उद्या काढता येईल का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर नग परत घेऊन या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे. मौल्यवान नगासाठी आधी तिथे विचारा. पितळेची तोटी पुन्हा बसवायची असेल तर जुन्या पद्धतीने डाग देणारा तांबट शोधा आणि आसपासची जुनी जागा घासून चकचकीत करायची नाही, हे आधीच बजावून सांगा.

ठेवताना

कपावर कप रचू नका. कान एकमेकांत अडकतात. वर्तमानपत्राचा कागद नको, धुतलेलं सुती कापड वापरा. रबर बँडने झाकण बांधू नका. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पत्रा आणि लोखंडी टाक्यांच्या नगांजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वेळोवेळी बदला.

मुलांच्या हाती द्यावं का?

बघायला द्या, तुमच्यासमोर हाताळू द्या; त्यातून खाऊ-पिऊ देऊ नका. जुन्या झिलईत आणि झिलईवरच्या रंगांत शिसं असू शकतं, पत्र्याच्या जुन्या रंगात असू शकतं आणि डागात तर असतंच. मऊ, करड्या धातूच्या जुन्या परदेशी संचांत शिशाचं मिश्रण आढळतं. आंबट पदार्थ शिसं लवकर ओढून घेतो. लहान मूल वस्तू तोंडात घालत असेल तर असा संच त्याच्या हाताशी येणार नाही इतक्या उंचीवर ठेवा. खेळायला नवी भातुकली आणा.

कायदा: काय चालतं, काय नाही

- शंभर वर्षांची अट. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ हा ५ एप्रिल १९७६पासून लागू आहे. त्यानुसार शंभर किंवा अधिक वर्षांची कलाकृती अथवा कारागिरीची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. वस्तू भारतातच बनलेली असावी, अशी अट व्याख्येत नाही.
- परदेशी पाठवणं. पुरावस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. भेट म्हणूनही नाही, सामानातूनही नाही. कैद आणि दंडाची तरतूद आहे. वस्तूच्या वयाबद्दल शंका असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या. परदेशातल्या मुलाबाळांना आजीची भातुकली द्यायची असेल तर हे काम तिकीट काढण्याआधी करा.
- जवळ बाळगणं. नोंदणी सक्तीची आहे ती अधिसूचित प्रकारांची, उदाहरणार्थ मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं. साधी खेळण्यातली भांडी सहसा त्यात मोडत नाहीत. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला मात्र परवाना लागतो.
- हस्तिदंत. चांदीच्या छोट्या किटल्यांना कधी हस्तिदंती मूठ असते. भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. असा नग घेऊ नका, विकूही नका.
- चोरीचा माल. विकणाऱ्याकडे मालकीच नसेल तर पैसे मोजूनही ती तुमच्याकडे येत नाही. देवघरातल्या वस्तूंसोबत भातुकली विकायला आली आणि ती कुठल्या घरची हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर नाही म्हणा.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

जुन्या वस्तूला हमी नसते, हे खरं. पण खोटं वर्णन करण्याचा हक्क त्यामुळे कुणाला मिळत नाही.

- दुकानदाराने किंवा ऑनलाइन विक्रेत्याने ‘अखंड’ म्हणून विकलेला नग भरण घालून रंगवलेला निघाला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करता येते.
- बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर ‘जुना चहाचा संच’ एवढंच नको; नगांची संख्या, अंदाजे काळ आणि माहीत असलेली दुरुस्ती लिहून घ्या.
- सदोष माल परत घ्यायची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर कायदा तीस दिवस धरतो.
- आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तोडगा निघाला नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागा. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.
- घरची एखादी वस्तू विकणारी खासगी व्यक्ती व्यापारी ठरत नाही, त्यामुळे तिथे हा कायदा सहसा लागू पडत नाही. अशा व्यवहारात बघून, तपासून आणि मगच पैसे द्या.

नोंद ठेवा, आजच

प्रत्येक नगाला क्रमांक द्या. तो नगावर लिहू नका, दोऱ्याच्या चिठ्ठीवर लिहा. वहीत उंची, शिक्का, दुरुस्तीचा प्रकार आणि जागा, कुठून आला, किती दिले, हे लिहा आणि दुरुस्तीचा फोटो जोडा. घरचा संच असेल तर कुणी दुरुस्त करून आणला, कुठल्या गावी, कुणाचं खेळणं होतं, हे आई-आजी-आत्यांकडून विचारून घ्या. दुरुस्ती धातूवर टिकते; ती कुणी करून घेतली हे फक्त माणसांच्या आठवणीत असतं आणि तुम्ही विचारलं नाही तर तेवढंच हरवतं. वाटणीत संच फोडू नका. एकाकडे संच आणि बाकीच्यांकडे नोंदवहीची प्रत, अशी वाटणी सगळ्यांच्या हिताची.

पहिल्या खरेदीसाठी एवढंच

पहिल्यांदा पूर्ण संच घेऊ नका. जुनी दुरुस्ती स्पष्ट दिसणारा एकच नग निवडा: टाका घातलेली बशी किंवा डाग दिलेली पितळी किटली. महिनाभर तो रोज उजेडात बघा, भिंगाखाली धरा, सांधा कसा घातला असेल ते समजून घ्या. खरी जुनी दुरुस्ती कशी दिसते आणि हाताला कशी लागते, हे एकदा पक्कं झालं की बाजारातली लपवाछपवी तुम्हाला आपोआप दिसू लागेल. मग संच घ्या.